हायगेटमधला मराठी कानोसा

परप्रांतात नोकरी करणाऱ्या माणसाचा कान मोठा विचित्र असतो. बेळ्ळंदूरहून कोरमंगलाकडे जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये माणसे दाटीवाटीने उभी असतात, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि हिंदी यांचा एकच कल्लोळ चाललेला असतो, आणि त्या कल्लोळातून कोठून तरी "अहो, डबा घेतलात ना?" एवढे चार शब्द आले की आमची मान आपोआप तिकडे वळते. ओळख ना देख. तरीही अगरा तलाव येईपर्यंत त्या गृहस्थांचे गाव, त्यांचे खाते, बदलीचे वर्ष आणि मुलांच्या शाळेची अडचण हे सर्व आम्हाला ठाऊक झालेले असते, आणि आमचे त्यांना. हेच गृहस्थ कऱ्हाड-साताऱ्याच्या एसटीत भेटले असते तर आम्ही त्यांना सरकून जागाही दिली नसती. मराठी ही येथे नुसती भाषा राहत नाही. ते एक ओळखपत्र होते, आणि त्यावरचा शिक्का कोणी तपासत नाही.

केंद्र सरकारच्या कचेरीत साध्या प्रवेशासाठीही छायाचित्र, सही व अधिकाऱ्याची मोहर लागते. भाषेच्या ओळखपत्राला यातले काहीच लागत नाही, हा विचार आमच्या मनात प्रथम आला तो लंडनच्या 'इंडिया हाऊस'चा इतिहास वाचताना. १९०९ सालच्या सुमारास त्या घरात एक मराठी तरुण याच विश्वासाच्या दारातून आत शिरला तो पोलिसांचा हेर म्हणून. आणि त्याच घरात दुसरा एक तरुण, ज्याचे घराणे मूळचे आमच्या या म्हैसूर मुलखातले, उलट बाजूने हेरगिरीत ओढला गेला. दोघांपैकी एकालाही या विद्येचे शिक्षण नव्हते. दोघेही परदेशी नवखेच होते.

इंडिया हाऊसची मुख्य हकीकत वाचकांच्या परिचयाची आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी उत्तर लंडनमधील हायगेट भागात ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू येथे हिंदी विद्यार्थ्यांसाठी हे वसतिगृह काढले. १ जुलै १९०५ रोजी हिंडमन या इंग्रज समाजवादी पुढाऱ्याच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. श्यामजींनी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्याही ठेवल्या होत्या आणि त्यांना एक अट होती: शिष्यवृत्ती घेणाऱ्याने पुढे ब्रिटिश सरकारची पगारी नोकरी करता कामा नये. (आमच्यासारख्यांनी ही अट वाचून क्षणभर खाली पाहावे, असे वाटते, मग आठवते की आमचे सरकार वेगळे आहे.) विनायक दामोदर सावरकर १९०६ च्या जुलैत तेथे आले ते बॅरिस्टर सरदारसिंह राणा यांनी दिलेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर, टिळकांची शिफारस घेऊन. पुढच्याच वर्षी श्यामजी पॅरिसला गेले आणि घराची सूत्रे सावरकरांच्या हाती आली. दर रविवारी सभा होई, व्याख्याने होत, मॅझिनीची चर्चा चाले. बाहेर रस्त्यावर स्कॉटलंड यार्डचे गुप्त पोलीस उभे असत.

ते बाहेर उभे असत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. स्कॉटलंड यार्डची विशेष शाखा १८८३ साली स्थापन झाली ती आयरिश बंडखोरांच्या बंदोबस्तासाठी. दारूच्या गुत्त्यात आयरिश माणसाच्या शेजारी बसून त्याचे बोलणे ऐकणे इंग्रज शिपायाला जमत होते. कारण अखेर तो बोले इंग्रजीतच. हायगेटच्या घरात मात्र जेवणाच्या मेजावर मराठी, तमिळ, बंगाली, पंजाबी यांची पंगत बसलेली. गोऱ्या शिपायाने खिडकीला कान लावला तरी त्याला कळणार काय? चेहरा लपवता येतो, वेष पालटता येतो. पण न येणारी भाषा ऐनवेळी कोठून आणावी?

याचे एक उदाहरण मोठे बोलके आहे. सावरकरांनी १८५७ च्या स्वातंत्र्ययुद्धावरील आपला ग्रंथ लंडनमध्ये बसून मराठीत लिहिला. पुढे तो इंग्रजीत होऊन १९०९ साली छापला गेला. आणि छापून हाती येण्यापूर्वीच सरकारने त्यावर बंदी घातली, ही कथा प्रसिद्धच आहे. तिच्यातला एक लहानसा तपशील मात्र फारसा बोलला जात नाही. एवढी खबरदारी घेऊनही त्या मराठी हस्तलिखिताची एकदोन प्रकरणे घरातून नाहीशी झाली आणि गुप्त पोलिसांच्या हाती पडली, असे ग्रंथाच्या पुढील आवृत्तीच्या प्रस्तावनेत नमूद आहे. देवनागरीत, हाताने लिहिलेले ते कागद. टेबलावरच्या पन्नास कागदांतून नेमके हेच कागद उचलायचे, हे ज्याला देवनागरी म्हणजे नुसत्या रेघोट्या वाटतात त्याच्या हातून होणारे काम नव्हे. दुसऱ्याच्या घरची चिठ्ठी वाचायला घरचाच माणूस लागतो.

आपल्याकडे हेरगिरी ही काही नवी गोष्ट नव्हती. शिवकालातील बहिर्जी नाईकांचे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पेशवाईत जासूद हा राजरोस पेशा होता. जासुदाची जोडी कागद घेऊन मजल दरमजल करीत धावे. दरबारोदरबारचे वकील रोजची बातमीपत्रे लिहीत. आणि नाना फडणिसांच्या दप्तरात हिंदुस्थानभरच्या खबरा जमा होत. श्रीरंगपट्टणच्या दरबारी असलेला पुण्याचा वकील टिपूच्या मुलखातल्या बातम्या धाडी, तेव्हा तो काय करतो आहे हे टिपूलाही ठाऊक असे. त्या पेशात धोका होता. पण लाज नव्हती. जासुदाला घरी गेल्यावर आपला धंदा बायकोपासून लपवावा लागत नसे. हायगेटच्या हेराची गोष्ट निराळी होती. जे त्याला आपल्या ताटातले वाढत होते, त्यांचीच नावे तो रात्री कागदावर उतरवीत होता.

हा तरुण कीर्तिकर या नावाने ओळखला जातो. दंतवैद्यकाचा विद्यार्थी म्हणून तो त्या घरात आला आणि मराठी म्हणून सहज सामावला गेला. त्याच्यावर पहिला संशय आला तो कोणा मराठी माणसाला नव्हे, तर व्ही. व्ही. एस. अय्यर यांना. हे अय्यर तिरुचिरापल्लीजवळच्या वरहनेरीचे, व्यवसायाने वकील; रंगूनला काही काळ काढून बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला आलेले. ज्या मराठीमुळे इतरांचे मन कीर्तिकराविषयी निःशंक झाले होते, ती मराठी अय्यरांना येत नव्हती, म्हणूनच कदाचित त्यांनी त्या माणसाकडे नीट पाहिले, असे आमचे मत आहे. हा विद्यार्थी अभ्यास करताना फारसा दिसत नाही, याची त्यांनी चौकशी केली. मग एके दिवशी त्याची खोली उघडण्यात आली आणि स्कॉटलंड यार्डला पाठवायचा अहवाल तेथेच सापडला. पुढील प्रसंग सावरकरांच्या चरित्रकारांनी वर्णिला आहे: पिस्तूल रोखले गेले, कीर्तिकराने कबुली दिली आणि त्याला जीवदान मिळाले ते एका अटीवर. त्याने घर सोडायचे नाही, काम सोडायचे नाही, अहवालही पूर्ववत पाठवीत राहायचे; मात्र प्रत्येक अहवाल आधी सावरकरांच्या नजरेखालून गेला पाहिजे.

बाबूराव अर्नाळकरांच्या 'काळा पहाड'च्या कथा वाचून वाढलेल्या वाचकाला यात काही विशेष वाटणार नाही. पण आम्ही कारकून आहोत आणि आम्हाला यात सर्वांत नवल वाटते ते त्या मसुद्याचे. हेर मसुदा करतो. ज्याच्यावर हेरगिरी करायची तोच तो तपासतो, चारदोन शब्द बदलतो, मान्य करतो. आणि मग तो वरिष्ठांकडे रवाना होतो. वरिष्ठ त्यावर टिपण्णी करून दप्तरी लावतात. त्या कागदाच्या प्रवासात नियमबाह्य असे काहीच दिसत नाही. असे मंजूर मसुदे कोणत्या कोणत्या दप्तरांत आजही पिवळे पडत असतील आणि किती अभ्यासक ते प्रमाण मानीत असतील, हा विचार करण्यासारखा आहे.

कीर्तिकराविषयी मराठी लेखकांनी फार चांगले लिहिलेले नाही, आणि ते साहजिक आहे. आम्हीही प्रथम वाचले तेव्हा तिरस्कारानेच वाचले. पण पुढे मन तितके निर्मळ राहिले नाही, याचे कारण सांगायला संकोच वाटतो, तरी सांगतो. या शहरात येऊन आम्हाला जेमतेम चार महिने झाले होते. बिऱ्हाड नवे, भाषा परकी, घरभाड्यात निम्मा पगार जाई, आणि गावाकडे आई आजारी. एका वरिष्ठांनी आम्हाला खोलीत बोलावून चहा दिला, आईच्या प्रकृतीची विचारपूस केली आणि मग सहज विचारल्यासारखे विचारले की, मधल्या सुटीत मंडळी काय बोलतात? आम्ही काही फार सांगितले नाही. एका सहकाऱ्याने रजेच्या अर्जात दिलेले कारण खरे नव्हते, एवढेच बोलून गेलो. दुसऱ्या खेपेला चहाबरोबर बिस्किटेही आली. तिसऱ्या खेपेला आम्ही काही तरी निमित्त सांगून गेलो नाही. त्या सहकाऱ्याची मात्र पुढे बदली झाली. ती आमच्या त्या एका वाक्यामुळे झाली की रीतीप्रमाणे झाली, हे विचारण्याची आमची छाती झाली नाही. ते गृहस्थ जाताना सर्वांना भेटले, तसे आम्हालाही भेटले; आपल्या घरचा कुकर आम्हाला देऊन गेले. तो अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे.

तेव्हापासून कीर्तिकराचा विचार करताना आमच्यापुढे हेर उभा राहत नाही. परदेशी आलेला, पैशाची चणचण असलेला एक विद्यार्थी उभा राहतो, आणि त्याच्या समोर गोड बोलणारा एक साहेब. पहिला प्रश्न अगदी निरुपद्रवी असणार. याने त्याचा अपराध लहान होत नाही. ज्या घरातील माणसांना फाशी आणि काळे पाणी समोर दिसत होते, त्या घरातली बातमी बाहेर नेणे हे रजेच्या अर्जाची चुगली करण्यासारखे नव्हे.

आता दुसरा तरुण. मंडयम पार्थसारथी तिरुमल आचार्य यांचा जन्म १८८७ साली मद्रासेत झाला. पण मंडयम हे नावच सांगते की घराणे म्हैसूरकडचे. मेलकोटे हे मंडयम अय्यंगारांचे मुख्य स्थान. बंगळूरहून एका दिवसात जाऊन येता येते आणि आमच्यापैकी बहुतेकजण चेलुवनारायणाच्या दर्शनाला एकदा तरी जाऊन येतात. या मंडळींचा गुप्त राजकारणाशी संबंध जुना आहे. हैदर आणि टिपू यांच्या काळात, वडियार घराण्याला राज्य परत मिळावे म्हणून राणी लक्ष्मम्मण्णी यांनी इंग्रजांशी जे गुप्त संधान बांधले, त्यात तिरुमल राव नावाचे याच समाजातील गृहस्थ मध्यस्थ होते. १७८२ साली तंजावरात त्यांनी राणीच्या वतीने इंग्रजांशी तहही केला. त्याची जबर किंमत मेलकोटेच्या अय्यंगारांना टिपूच्या हातून मोजावी लागली, अशी त्या समाजाची परंपरा सांगते, आणि तेथील मंडयम कुटुंबांत नरकचतुर्दशी साजरी होत नाही ती त्याच स्मरणाने. इंग्रज यावा म्हणून एका तिरुमलाने गुप्त पत्रे नेली. सव्वाशे वर्षांनी इंग्रज जावा म्हणून दुसरा तिरुमल गुप्त पोलिसांच्या दारी गेला. इतिहासाला अशा विनोदाची हौस असते.

तरुण आचार्य मद्रासेत 'इंडिया' या तमिळ साप्ताहिकाच्या कामात होते. सुब्रह्मण्य भारतींच्या लेखणीने गाजलेले ते हेच पत्र. १९०८ साली सरकारची वक्रदृष्टी वळली तेव्हा मंडळी फ्रेंचांच्या पाँडिचेरीत गेली आणि तेथून आचार्यांनी युरोपचा रस्ता धरला. कोलंबोहून बोटीने मार्सेय, तेथून पॅरिस, मग लंडन. वय एकवीस. खिशात पैसे थोडे, परदेशाचा अनुभव मुळीच नाही. अय्यरांच्या ओळखीने ते इंडिया हाऊसमध्ये राहिले.

आणि येथे त्यांच्यावर एक चमत्कारिक कामगिरी आली. कीर्तिकराचे अहवाल सावरकर तपासत होते हे खरे. पण एकाच माणसाची साक्ष पोलीस किती दिवस मानणार? तिला दुसऱ्याचा दुजोरा हवा. तेव्हा सावरकर आणि अय्यर यांनी आचार्यांना सांगितले की, तुम्हीच स्कॉटलंड यार्डकडे जा आणि खबऱ्या म्हणून काम पत्करा. घरातून निघणारी माहिती अशा रीतीने दोन तोंडांनी जाईल, दोन्ही एकमेकींशी जुळतील आणि पोलिसांचा विश्वास बसेल. कोर्टकचेरीत दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या की न्यायाधीश मान डोलावतो. येथे दोन्ही जबान्या एकाच मेजावर तयार होत होत्या.

युक्ती म्हणून ही बिनतोड होती. पण एकवीस वर्षांच्या मुलाच्या बाजूने तिचा विचार करावा. जो घरात ज्यांच्याबरोबर राहतो त्यांच्यासाठी तो बाहेर विश्वासघातकी होतो. कधी काळी गुप्त पोलिसांची कागदपत्रे उघड झाली तर तेथे त्याचे नाव खबऱ्यांच्या यादीत सापडणार, आणि त्याच्या बाजूने बोलणारी माणसे फक्त दोन. बाकीच्यांना ठाऊक नाही. कीर्तिकर घाबरून दुहेरी झाला; आचार्य निष्ठेने दुहेरी झाले. बाहेरून पाहणाऱ्याला दोघे सारखेच दिसणार. पिस्तूल चालवण्याचा धोका पत्करणारे तेव्हा पुष्कळ होते. स्वतःचे नाव खराब करून घेण्याचा धोका पत्करणारे फार थोडे. आचार्यांच्या या धैर्याला इतिहासकारांनी पुरते माप दिलेले नाही, असे आमचे मत आहे.

त्या घरातला तिसरा नवखा म्हणजे स्वयंपाकी चतुर्भुज अमीन. हा गुजराती माणूस १९०९ च्या प्रारंभी हिंदुस्थानात परतला तेव्हा त्याच्या ट्रंकेच्या चोरकप्प्यात वीस ब्राउनिंग पिस्तुले होती, आणि ती मुंबईला सुखरूप उतरली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या याच वीसांतल्या एका पिस्तुलातून. पुढे हाच अमीन खटल्यात माफीचा साक्षीदार झाला. डाळभात रांधण्यासाठी विलायतेला गेलेल्या माणसाच्या हातून एवढा इतिहास घडावा, हे कोणाच्या ध्यानीमनी असेल?

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. १ जुलै १९०९ च्या रात्री साउथ केन्सिंग्टनच्या इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी सर कर्झन वायली यांना गोळ्या घालून ठार केले. मध्ये पडलेले डॉ. कावस लालकाका हेही मारले गेले. पोलिसांचे दोन खबरी त्या मंडळात असताना याचा सुगावा कसा लागला नाही? एक उत्तर सरळ आहे: जे अहवाल येत होते ते तपासून आलेले होते. दुसरे उत्तर असे की धिंग्रांनी तोपर्यंत हायगेट सोडून बेजवॉटर भागात, लेडबरी रोडवर बिऱ्हाड केले होते. तिसरे उत्तर आम्हाला अधिक पटते. हेर जेथे बसवलेला असतो तेथेच सरकार पाहते. त्याच्या अहवालात नाही ते जगात नाही, अशी समजूत हळूहळू घट्ट होते. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या नेमबाजीच्या दुकानात धिंग्रा पैसे मोजून उघड उघड सराव करीत होते. ते पाहायला मराठीही लागत नव्हती आणि तमिळही नाही.

वायली यांच्याविषयीही दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. भारतमंत्र्यांचे राजकीय ए.डी.सी. या नात्याने हिंदी विद्यार्थ्यांकडे लक्ष ठेवणे हे त्यांचे काम होते. धिंग्रांच्या घरच्या मंडळींनी, मुलगा वाईट संगतीत पडला आहे, त्याला समजवा, अशा अर्थाचे पत्र त्यांना लिहिले होते, आणि त्याप्रमाणे त्यांनी धिंग्रांना पत्रही पाठवले होते. वायलींच्या दृष्टीने ती काळजी. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ती पाळत. परसत्तेखाली या दोहोंतली रेघ पुसून जाते. ज्याने तुमच्या आईची प्रकृती विचारायची, तोच तुमच्या मित्रांची नावेही विचारतो. धिंग्रांना १७ ऑगस्ट १९०९ रोजी पेंटनव्हिल तुरुंगात फाशी झाली.

सरकारने यातून जो धडा घेतला तो सरकारी पद्धतीचाच होता: नवे खाते काढले. मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातील जॉन वॉलिंगर या अधिकाऱ्याला लंडनला बोलावून हिंदी क्रांतिकारकांवर नजर ठेवण्याचे काम सोपवले. पहिल्या महायुद्धात याच वॉलिंगरने सॉमरसेट मॉम या नावाजलेल्या लेखकाला हेर म्हणून स्वित्झर्लंडला धाडले. मॉमलाही या धंद्याची ओनामाची ओळख नव्हती. नाटककार माणूस, म्हणूनच तो कोणाच्या डोळ्यांत येणार नाही, हा हिशेब. 'ॲशेंडन' या त्याच्या पुस्तकात जो वरिष्ठ अधिकारी आहे तो वॉलिंगरवरून, आणि चंद्रलाल नावाचा हिंदी क्रांतिकारक हा सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्यावरून बेतलेला. गंमत अशी की इंग्रज नवखा हेर झाला तर त्याचे पुस्तक होते. कीर्तिकराचे मात्र एक तुच्छतेचे वाक्य.

धिंग्रांच्या फाशीच्या सुमारास, १९०९ च्या ऑगस्टमध्ये, आचार्यांनी लंडन सोडले. बरोबर सुखसागर दत्त. अलीपूर खटल्यात शिक्षा झालेले उल्लासकर दत्त यांचे हे बंधू. मोरोक्कोतील रिफ लोक तेव्हा स्पेनशी लढत होते. त्यांच्यात सामील होऊन प्रत्यक्ष लढाईचे शिक्षण घ्यावे, असा बेत होता. एक मद्रासी अय्यंगार आणि एक बंगाली, दोघांनाही ना अरबी येत ना स्पॅनिश, आणि निघाले होते आफ्रिकेतल्या डोंगरी योद्ध्यांना भेटायला! बेत अर्थातच फसला. दत्त परत गेले. आचार्य लिस्बनवरून पॅरिसला आले. येथे हसू येते खरे. पण मूळ अडचण हायगेटच्या गोऱ्या शिपायाचीच आहे हे ध्यानात आले की हसू ओसरते. जेथे आपली बोली कोणाला कळत नाही तेथे आपल्या निष्ठेला साक्षीदार कोण?

तेथून पुढची पंचवीस वर्षे म्हणजे एक लांबलचक भ्रमंती: बर्लिन, कॉन्स्टँटिनोपल, अमेरिका, महायुद्धात जर्मनांच्या साहाय्याने सुएझ आणि बगदादकडच्या मोहिमा, स्टॉकहोम, मॉस्को, काबूल. १९२० च्या ऑक्टोबरात ताश्कंद येथे हिंदी कम्युनिस्ट पक्षाची स्थापना झाली तेव्हा ते तिच्यात होते, आणि लौकरच मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी बिनसल्यामुळे बाहेरही पडले. आपले पांडुरंग सदाशिव खानखोजे हेही महायुद्धात असेच इराणच्या वाळवंटात जर्मनांच्या मोहिमेबरोबर हिंडले. पण त्यांना शेतकी विद्येचा आधार होता. मेक्सिकोत जाऊन त्यांनी मक्याची संशोधने केली, नाव मिळवले आणि शेवटी ते १९६७ साली नागपुरात वारले. आचार्यांजवळ असे काही नव्हते. रशियात त्यांनी मॅग्डा नाखमान या चित्रकर्तीशी विवाह केला. उभयता बर्लिनमध्ये ओढगस्तीत राहिली. ज्या सरकारला हुसकावण्यासाठी आयुष्य वेचले त्याच सरकारकडे मायदेशी परतण्यासाठी परवान्याचे अर्ज करीत राहिली. तो अखेर मिळाला आणि १९३५ साली आचार्य मुंबईला उतरले. मागाहून मॅग्डाही आल्या.

ते मद्रासेला गेले नाहीत, म्हैसूरलाही नाही, मुंबईतच राहिले. आणि १९३७ साली त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या त्या छापल्या पुण्याच्या 'मराठा' पत्राने, टिळकांनी काढलेल्या इंग्रजी साप्ताहिकाने. लंडनला असताना ज्यांचे लिखाण दुसऱ्याच्या अहवालाशी जुळवून पाठवले जात होते, त्यांनी पुण्याच्या पत्रात स्वतःच्या सहीने हायगेटच्या दिवसांवर लिहिले. त्यानंतरही लिहितच राहिले, युरोपातल्या आणि इकडच्या लहानसहान पत्रांतून, राज्यसंस्थाच नको असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने. कोणत्याही सरकारवर त्यांचा विश्वास उरला नव्हता, स्वतंत्र भारताच्याही नाही. मॅग्डा १९५१ च्या फेब्रुवारीत मुंबईत वारल्या. त्यानंतर तीन वर्षांनी, २० मार्च १९५४ रोजी, आचार्यांचाही अंत तेथेच झाला. हायगेटच्या त्या घरावर आता सावरकरांच्या नावाची निळी गोल पाटी आहे. घर खाजगी मालकीचे आहे आणि बाहेरूनच पाहावे लागते.